सबब शोधणे आणि सबब सांगणे

सर्व स्तुती अल्लाहसाठीच आहे, ज्याने मानवाला बुद्धी व वाणी बहाल केली आणि आपल्या निर्मितीकडे डोळसपणे पाहण्याचा आदेश दिला. दरूद व सलाम असो अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांनी हा आदेश स्वतःच्या जीवनात उतरवून दाखविला.

‘तत्त्वज्ञान’ हा शब्द कानी पडताच आपल्या समाजात साधारणतः दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘फलसफा ईमान पोखरतो, त्याच्या वाटेला जाऊ नये.’ आयटीआय किंवा अभियांत्रिकी शिकलेला मुलगा म्हणतो, ‘जग कसे चालते हे विज्ञानाने सांगितले आहे, आता या जुन्या चर्चेचा उपयोग काय?’ एकाला तत्त्वज्ञान घातक वाटते, दुसऱ्याला निरुपयोगी. या दोन्ही मतांची परीक्षा केवळ पुस्तकी वादाने होणार नाही. पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातील आपल्या कुटुंबांपुढे उभा राहणारा एक प्रश्न घेऊन ती करू. कारखान्यात अपघात होतो, घरातील कमावता हात जायबंदी होतो आणि भेटीस आलेला जो तो म्हणतो, ‘तकदीरमध्ये होते.’ हे वाक्य खरे आहे काय? खरे असेल, तर त्यापुढे विचारण्यासारखे काही उरते काय? प्रस्तुत पाठाचा हाच विषय आहे.

तीन शब्दांचा प्रवास

अरबीतून मराठीत आलेले तीन शब्द या विषयाशी थेट संबंधित आहेत : सबब, इल्लत आणि हिकमत.

अरबी भाषेत ‘सबब’ म्हणजे मुळात दोर. ज्याच्या आधाराने एखाद्या ठिकाणी पोहोचता येते ते साधन, आणि पुढे ‘कारण’, असा त्याचा अर्थ विस्तारत गेला. शुक्रवारी आपण जी सूरह कहफ पठण करतो तिच्यात (१८:८४-८५) जुलकरनैन यांच्याविषयी सांगितले आहे, की अल्लाहने त्यांना प्रत्येक गोष्टीचा ‘सबब’ दिला आणि ते त्या सबबच्या मागाने निघाले. म्हणजे सबब देणारा अल्लाह आहे, आणि दिलेल्या सबबचा मागोवा घेणे हे त्या नेक राजाचे वर्तन आहे. मराठी अर्जांच्या भाषेत हा शब्द आजही ‘म्हणून’ या अर्थाने येतो. ‘सबब विनंती की’ असे आपण लिहितो. रोजच्या बोलण्यात मात्र ‘सबब सांगणे’ म्हणजे जबाबदारी टाळण्यासाठी निमित्त पुढे करणे.

‘इल्लत’ या शब्दाचे अरबीत दोन अर्थ आहेत : कारण आणि आजार. मंतिक म्हणजे तर्कशास्त्र व उसूले फिक्ह यांत पहिला अर्थ चालतो. मराठीने दुसऱ्याची छटा उचलली. ‘नसती इल्लत मागे लागली’ असे आपण ब्यादेबद्दल म्हणतो. ‘हिकमत’ म्हणजे शहाणपण, वस्तू जशी आहे तशी जाणण्याची शक्ती. दिव्य कुरआनात (२:२६९) म्हटले आहे, की ज्याला हिकमत लाभली त्याला विपुल भलाई लाभली. कुरआनच्या भाष्यकारांनी तेथे कुरआनची समज, सुन्नत, योग्य निर्णयशक्ती असे अर्थ घेतले आहेत. ग्रीकांचा फलसफा असा अर्थ तेथे अभिप्रेत नाही, हे स्पष्ट असावे. तथापि मुस्लिम विद्वानांनी पुढे तत्त्वज्ञानाच्या शास्त्रालाही हिकमत हेच नाव दिले. इब्न सीना (९८०-१०३७) यांच्यासारखे तत्त्वज्ञ वैद्यही होते, आणि वैद्याला ‘हकीम’ म्हणण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. मराठीत मात्र हिकमत म्हणजे युक्ती, क्लृप्ती.

शब्दांचे अर्थ बदलतात, यात भाषेचा दोष नाही. परंतु या तीन शब्दांचे जे झाले तेच एखाद्या समाजाच्या मनाचेही होऊ शकते. ज्या मनाला कारण शोधणे ही ब्याद वाटते, शहाणपण म्हणजे वेळ मारून नेण्याची युक्ती वाटते, ते मन सबब शोधीत नाही, सबब सांगते.

‘का’ हा प्रश्न कोठवर जातो?

आपल्या भागातील कारखान्यांत काम करणाऱ्यांना ‘व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिस’ ही पद्धत परिचित आहे. जपानच्या टोयोटा कंपनीतून ती जगभर पसरली. एखादा बिघाड झाला की एकापाठोपाठ एक पाच वेळा ‘का?’ असे विचारावयाचे, म्हणजे वरवरच्या कारणाखालचे मूळ कारण हाती लागते.

समजा, एका लहान कारखान्यात पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या कामगाराची दोन बोटे गेली. का? हात डायमध्ये असतानाच प्रेस खाली आला. तसे का झाले? दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याखेरीज प्रेस चालू नये अशी सोय मशीनला होती. ती बंद करून मशीन पायाच्या पेडलवर चालविले जात होते. ती सोय का बंद केली? तिच्यामुळे प्रत्येक नगामागे काही क्षण अधिक लागत होते. मग ते क्षण का खटकले? तेवढ्याने शिफ्टचे टार्गेट पुरे होत नव्हते. टार्गेट असे का ठरले? ते ठरविताना नगांचा हिशेब झाला. हातांचा हिशेब कोणी केला नाही.

या पाच उत्तरांकडे लक्षपूर्वक पाहावे. पहिली दोन यंत्रशास्त्राची आहेत. तिसरे व चौथे उत्पादनाच्या नियोजनाचे आहे. पाचव्यापाशी पोहोचताच प्रश्नाची जात बदलते. माणूस नगासाठी आहे की नग माणसासाठी? काही क्षणांची किंमत आणि दोन बोटांची किंमत एकाच वहीत मांडता येते काय? हे मोजण्याचा गेज कोणत्याही टूलरूममध्ये मिळत नाही. तरीही या प्रश्नाचे उत्तर कोणीतरी दिलेले असते. टार्गेट ठरविणाऱ्याने ते न बोलता दिलेले असते. न बोललेल्या अशा उत्तरांना उजेडात आणून ती खरी आहेत काय हे तपासणे, यालाच तत्त्वज्ञान म्हणतात. ‘विज्ञानाने सारे सांगितले आहे’ असे म्हणणाऱ्या मुलाने पाचव्या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाच्या कोणत्या शाखेत आहे ते दाखवावे.

आणि जो पहिल्याच ‘का’ला ‘तकदीर’ असे उत्तर देऊन थांबतो, त्याच्यासाठी पुढचे चारही प्रश्न जन्मालाच येत नाहीत. त्याच प्रेसवर उद्या दुसऱ्या कोणाचा मुलगा बसणार असतो.

मदरशातील एक जुना पाठ

हा विचार आपल्यासाठी परका नाही. लखनौच्या फिरंगी महलचे मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू १७४८) यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘दर्से निजामी’ हा अभ्यासक्रम भारतीय उपखंडातील मदरशांत शिकविला जात आला आहे. त्यात कुरआन, हदीस व फिक्ह यांच्याबरोबर मंतिक व हिकमत या शास्त्रांनाही मोठे स्थान होते. आज अनेक ठिकाणी हिकमतीचे ग्रंथ कमी झाले आहेत, तरी चार कारणांचा पाठ विद्यार्थ्याच्या कानावरून जातोच. ग्रीक तत्त्वज्ञ अरस्तू (ॲरिस्टॉटल) याच्यापासून आलेला आणि मुस्लिम विद्वानांनी घासूनपुसून घेतलेला हा पाठ असा आहे :

कोणतीही घडविलेली वस्तू घ्या. ती कशाची बनली, ही तिची ‘इल्लते माद्दी’. तिला कोणता आकार मिळाला, ही ‘इल्लते सूरी’. ती कोणी बनविली, ही ‘इल्लते फाइली’. आणि ती कशासाठी बनविली, ही ‘इल्लते गाई’. गुरुजन बैठकीच्या तख्ताचे उदाहरण देतात : लाकूड, तख्ताचा आकार, सुतार आणि बसण्याचा हेतू. पिंपरीच्या मुलाला गिअरचे उदाहरण द्यावे : पोलाद, दात्यांची रचना, कारागीर आणि गती पुढे पोहोचविण्याचा हेतू. चौथे कारण घडण्यात सर्वांत शेवटी दिसते, पण विचारात ते सर्वांत आधी असते. गिअर कशासाठी हवा हे ठरल्याशिवाय पोलाद कापले जात नाही.

आपल्या पिंपरीच्याच इतिहासातून याचा पडताळा घेता येतो. सन १९५४ मध्ये येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचे साहाय्य त्याला लाभले आणि पेनिसिलिन देशात तयार होऊ लागले. बुरशीपासून पेनिसिलिन कसे मिळवावे हे जीवशास्त्र व रसायनशास्त्र सांगते. ते देशातच का बनवावे, खाजगी नफ्यासाठी बनवावे की सर्वसामान्य रुग्णासाठी सरकारने बनवावे, हे प्रयोगशाळेतील नळी सांगत नाही. तो निर्णय चौथ्या कारणाचा होता. तो घेतला गेला म्हणून पाया खोदला गेला.

यंत्राच्या जगात वावरणाऱ्या माणसाला हा चौथा प्रश्न छळतो, याची साक्ष महाराष्ट्रात आणखी एका ठिकाणी मिळते. जळगाव जिल्ह्यातील अमळनेरचे श्रीमंत प्रताप शेठ हे कापड गिरणीचे मालक होते. त्यांनी १९१६ मध्ये अमळनेर येथे तत्त्वज्ञान मंदिर ही संस्था स्थापन केली. साने गुरुजी काही काळ तेथे अध्ययनासाठी होते. पुढे याच गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृति’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. प्रताप शेठांचे तत्त्वज्ञान वेदान्ताचे होते, आपली श्रद्धा निराळी आहे. परंतु ज्याच्या गिरणीतून दररोज कापड बाहेर पडत होते, त्यालाही ‘हे सारे कशासाठी?’ या प्रश्नासाठी स्वतंत्र वास्तू उभारावीशी वाटली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

इमाम गझाली (रह.) यांनी काय नाकारले?

‘इमाम गझालींनी फलसफ्याचे खंडन केले, मग आपण तो का वाचावा?’ असा आक्षेप येतो. इमाम अबू हामिद गझाली (१०५८-११११, हिजरी ४५०-५०५) यांनी १०९५ मध्ये ‘तहाफुतुल फलासिफा’ हा ग्रंथ लिहिला हे खरे. पण त्यापूर्वी त्यांनी तत्त्वज्ञांची मते नीट समजून घेऊन ती ‘मकासिदुल फलासिफा’ या ग्रंथात मांडली होती. तर्कशास्त्रावर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिले, आणि उसूले फिक्हवरील ‘अल-मुस्तस्फा’ या ग्रंथाच्या आरंभी तर्कशास्त्राची प्रस्तावना जोडली. विश्व अनादी मानणे, अल्लाहला केवळ सामान्य गोष्टींचे ज्ञान आहे असे म्हणणे आणि शरीरासह पुनरुत्थान नाकारणे, या तीन मतांना त्यांनी कुफ्र ठरविले. गणित व खगोल यांना त्यांनी विरोध केला नाही. ग्रहणाचे गणित धर्माच्या नावाने नाकारणारा मनुष्य धर्माचेच नुकसान करतो, असा स्पष्ट इशारा त्यांनी ‘तहाफुत’च्या प्रस्तावनेतच दिला आहे.

याच ग्रंथात कापूस व आग यांची प्रसिद्ध चर्चा येते. कापूस आगीला भिडतो आणि जळतो. डोळ्यांना दिसते ते एवढेच, की स्पर्श झाला आणि ज्वलन झाले. आगीने स्वतःच्या स्वतंत्र सामर्थ्याने जाळले, हे काही डोळ्यांना दिसत नाही. इमाम गझालींच्या मते खरा कर्ता अल्लाह आहे; कारण आणि कार्य यांचा जो क्रम आपण पाहतो ती अल्लाहची सृष्टीतील रीत आहे, आणि त्याने इच्छिले तर हजरत इब्राहीम (अलै.) यांच्यासाठी आग शीतलही होते. कुर्तुबाचे काझी आणि ‘बिदायतुल मुज्तहिद’ या फिक्हच्या ग्रंथाचे कर्ते इब्न रुश्द (११२६-११९८) यांनी ‘तहाफुतुत तहाफुत’ लिहून उत्तर दिले. त्यांचे म्हणणे असे, की बुद्धीचे कामच कारणे जाणणे हे आहे. जो कारणे नाकारतो तो बुद्धी नाकारतो, आणि सृष्टीतील कारणांची रचना पाहूनच निर्मात्याची हिकमत कळते.

हा वाद सूक्ष्म आहे, आणि अहले सुन्नतच्या कलामी परंपरेत इमाम गझालींच्या बाजूला मोठे वजन मिळाले. आपल्या प्रश्नापुरते महत्त्वाचे आहे ते हे, की दोघांपैकी एकानेही आग लागली असता पाणी आणू नका असे म्हटलेले नाही. इमाम गझालींनी ‘इह्याउ उलूमिद्दीन’मधील तवक्कुलच्या प्रकरणात लिहिले आहे, की समोर अन्न ठेवलेले असताना तवक्कुलच्या नावाखाली हात पुढे न करणारा भुकेला मनुष्य तवक्कुल करीत नसून वेडेपणा करीत आहे. ज्याची रीत अल्लाहने घालून दिली तिच्याकडे पाठ फिरविणे हा अल्लाहवरील विश्वास होऊ शकत नाही.

उहुदचा धडा

आता या चर्चेच्या मुळाशी, म्हणजे कुरआन व सुन्नतकडे वळू. हिजरी सन ३ मध्ये उहुदच्या लढाईत प्रेषित (स.) यांनी सुमारे पन्नास तिरंदाज एका टेकडीवर नेमले आणि काहीही झाले तरी जागा सोडू नये असे बजावले. विजय दिसू लागताच त्यांतील बहुतेक जण खाली उतरले. शत्रूचे घोडदळ मागून आले आणि सुमारे सत्तर सहाबा (रजि.) शहीद झाले. दुःखात बुडालेले मुसलमान विचारू लागले, की हे कोठून ओढवले?

सूरह आले इमरानमध्ये या प्रश्नाचे उत्तर आले आहे. १६५ व्या आयतीत सांगितले, की ही आपत्ती तुमच्या स्वतःकडूनच आली. त्याला लागूनच असलेल्या १६६ व्या आयतीत सांगितले, की त्या दिवशी जे घडले ते अल्लाहच्या अनुज्ञेने घडले. दोन आयती शेजारी शेजारी आहेत, आणि एकीने दुसरीला खोडलेले नाही. ‘अल्लाहची अनुज्ञा होती’ हे उत्तर देऊन तिरंदाजांची चूक झाकली गेली नाही. आणि चूक दाखविली म्हणून अल्लाहची सत्ता कमी झाली नाही. किंबहुना मानवी कारण आधी सांगितले गेले. जे कुरआनने सहाबांच्या (रजि.) बाबतीत केले, ते आपण कारखान्याच्या अपघाताबाबत करू नये काय?

हीच दृष्टी हजरत उमर (रजि.) यांच्या आचरणात दिसते. शामच्या प्रवासात सर्ग या ठिकाणी त्यांना पुढे प्लेगची साथ असल्याचे कळले आणि त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, की हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय? हजरत उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा, की आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, एका दरीची एक बाजू हिरवी व दुसरी उजाड असेल, तर जनावरे हिरव्या बाजूला चारणे हीदेखील तकदीरच होय.

आणि प्रेषित (स.) यांचे चिमुकले सुपुत्र हजरत इब्राहीम (रजि.) यांचे निधन झाले त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, की या निधनामुळेच सूर्य झाकोळला. प्रेषित (स.) यांनी शोकाच्या त्या घटकेलाही हा समज खोडून काढला आणि सांगितले, की सूर्य व चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मृत्यूमुळे किंवा जन्मामुळे त्यांना ग्रहण लागत नाही. चुकीचे कारण स्वतःच्या सन्मानाचे असले तरी स्वीकारावयाचे नाही, इतका काटेकोरपणा या सुन्नतमध्ये आहे.

रस्त्यातील विहीर

कारणांचा हा विचार आपल्या फुकहांनी न्यायनिवाड्यातही उतरविला. नुकसान प्रत्यक्ष स्वतःच्या हाताने करणाऱ्याला ते ‘मुबाशिर’ म्हणतात, आणि नुकसानीला कारण होणाऱ्याला ‘मुतसब्बिब’. हा दुसरा शब्द ‘सबब’वरूनच बनला आहे. हनफी फिक्हमधील प्रसिद्ध उदाहरण असे : कोणी सार्वजनिक रस्त्यात अनधिकाराने विहीर खणली आणि वाटसरू तिच्यात पडून मरण पावला, तर खणणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी येते. त्याने वाटसरूला ढकलले नव्हते. तो त्या वेळी तेथे हजरही नसेल. वाटसरूच्या मृत्यूची घटका ठरलेली होती, हे त्या फुकहांना आपल्याहून अधिक ठाऊक होते. तरीही त्यांनी ‘तकदीर’ म्हणून फाइल बंद केली नाही. विहीर कोणी खणली हे विचारले. तकदीरने प्रत्येक जबाबदारी संपत असती, तर फिक्हच्या ग्रंथांत दियत व जमानचे प्रकरणच लिहिले गेले नसते.

मशीनचे संरक्षक आवरण काढून टाकणे हे कामाच्या जागी विहीर खणण्यासारखेच आहे. देशाचा कायदाही याच दिशेने चालत आला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्राचे धोकादायक भाग आवरणाने सुरक्षित ठेवण्याचे बंधन घातले, आणि कामावरील दुखापतीची भरपाई हा कामगाराचा हक्क आहे, हे तत्त्व १९२३ च्या कायद्यापासून मान्य आहे. म्हणून जखमी कामगाराच्या घरी येऊन ‘नशिबाचा खेळ’ म्हणत थोडी रक्कम हातावर ठेवणाऱ्या आणि कागदावर अंगठा मागणाऱ्या ठेकेदारापुढे आपण तकदीरवरील ईमानाचा दाखला देऊ नये. तो मुतसब्बिब असेल, तर ‘तकदीर’ ही त्याने सांगितलेली सबब आहे. अपघाताची लेखी नोंद करविणे, विम्याची व भरपाईची चौकशी करणे, हे कुटुंबाच्या हक्काचे काम आहे आणि सब्रच्या विरुद्ध नाही.

हा नियम कामगारालाही लागू आहे. जादा नगांच्या पैशासाठी जो स्वतःच गार्ड काढून ठेवतो, त्याने सूरह बकरहमधील (२:१९५) आदेश आठवावा, ज्यात आपल्याच हातांनी स्वतःला विनाशात लोटण्याची मनाई आली आहे. त्या आयतीचा संदर्भ अल्लाहच्या मार्गात खर्च करण्याचा असला तरी उलमांनी तिचा अर्थ व्यापक घेतला आहे.

तत्त्वज्ञानाची मर्यादा

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घेतला पाहिजे. सहीह मुस्लिममधील एका हदीसमध्ये आपत्तीनंतर ‘असे केले असते तर तसे झाले असते’ असे म्हणू नये, कारण हा ‘जर’ सैतानाचे दार उघडतो, अशी शिकवण आहे. मग कारणांची चौकशी करणे म्हणजे तेच दार उघडणे नव्हे काय?

या हदीसचा पूर्वार्ध पाहावा. त्यात आधी सांगितले आहे, की जे तुझ्या हिताचे आहे त्यासाठी झटून प्रयत्न कर, अल्लाहची मदत माग आणि हतबल होऊ नकोस. त्यानंतर ‘जर’ची मनाई येते. जो ‘जर’ भूतकाळात घुटमळतो, माणसाला पश्चात्तापाने पोखरतो व अल्लाहच्या निर्णयावर रुष्ट करतो, तो निषिद्ध आहे. पुढच्या कामगाराचा हात वाचविण्यासाठी विचारलेला ‘का’ हा त्या हिताच्या प्रयत्नाचाच भाग आहे. उलमांनी याचे सूत्र सांगितले आहे : तकदीरचा आधार संकटात घ्यावा, अपराधाच्या समर्थनासाठी घेऊ नये.

म्हणून दोन्ही गोष्टींना आपापले स्थान द्यावे. गेलेली बोटे परत येत नाहीत. रात्री कण्हणाऱ्या तरुणाला आणि त्याच्या आईला चार कारणांचा पाठ दिलासा देऊ शकत नाही. तेथे तकदीरवरील ईमान हाच आधार आहे, की हे दुःख अल्लाहच्या ज्ञानाबाहेर नाही आणि सब्रचे एकही क्षण वाया जाणार नाही. मृत्यूनंतर काय, अल्लाह आपल्या दासाकडून काय इच्छितो, आखिरतचा हिशेब कसा, हे तत्त्वज्ञान आपल्या बळावर सांगू शकत नाही. ते वह्यनेच कळते. बुद्धी डोळ्यासारखी आहे आणि वह्य प्रकाशासारखी. अंधारात डोळा निकामी ठरतो, आणि डोळे मिटून घेणाऱ्याला सूर्याचाही उपयोग होत नाही.

मग पहिल्या दोन मतांचे काय ठरले? ईमानाच्या काळजीने तत्त्वज्ञान टाळणाऱ्या वडीलधाऱ्यांची काळजी खरी आहे. वह्यच्या जागी बुद्धीला बसविणारा फलसफा घातकच आहे. पण प्रश्नाची जात ओळखणे, कारण आणि निमित्त यांत फरक करणे, न बोललेले गृहीत तपासणे, ही हिकमत ईमानाची चाकर आहे. तिच्याविना तकदीरवरील पवित्र श्रद्धाही चुकीच्या हाती पडदा बनते. आणि विज्ञानावर संतुष्ट असलेल्या मुलाने ओळखावे, की ‘कसे’ या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावरही ‘कशासाठी’ हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि त्याने तो विचारला नाही तर दुसरे कोणी त्याच्या वतीने ठरवून टाकते.

घरातील अभ्यासासाठी

या महिन्यात एखाद्या संध्याकाळी मगरिबनंतर कुटुंबीयांनी एकत्र बसून पुढील प्रश्नांवर चर्चा करावी. मुलांनी विचारलेल्या ‘का’ला ‘गप्प बस’ असे उत्तर देऊ नये. उत्तर ठाऊक नसेल तर ‘आलिमांना विचारू’ असे सांगावे.

१. घरातील एखादी वस्तू घेऊन तिची चार कारणे मुलांना सांगता येतात काय? त्यांतील कोणते कारण वस्तू पाहून कळते आणि कोणते विचारावे लागते?

२. सूरह आले इमरानच्या १६५ व १६६ या आयतींचा अनुवाद वाचावा. अलीकडे घरात घडलेल्या एखाद्या नुकसानीला त्या दोन्ही आयती कशा लागू होतात?

३. परीक्षेतील अपयश, आजारपण, अपघात, कर्ज यांबाबत आपण ‘तकदीर’ हा शब्द केव्हा धीर म्हणून वापरतो आणि केव्हा सबब म्हणून?

४. घरातील जो सदस्य यंत्रावर काम करतो, त्याच्या मशीनचे गार्ड व सुरक्षा-बटण चालू आहे काय? हे आजच त्याला विचारावे.

हे अल्लाह! आम्हाला सत्य हे सत्य म्हणून दाखव आणि त्याचे अनुसरण करण्याची शक्ती दे. आमच्या कष्टकरी बांधवांच्या हातांचे रक्षण कर, आम्हाला कारणे शोधण्याची बुद्धी आणि तुझ्या निर्णयावर राजी राहण्याचे अंतःकरण बहाल कर. आमीन.